बिनभिंतीचं दार

अध्यक्ष म्हणजे कुठले मोठे अध्यक्ष नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं. जुन्या बिल्डिंगमध्ये पाण्याच्या टाकीची समिती नेमायची होती, कुणी पुढे यायला तयार नव्हतं आणि हे नेमके आळस द्यायला दोन्ही हात वर करून बसले होते. एकमताने निवड झाली. समितीची एकच सभा झाली आणि तीही टाकी फुटल्यामुळे जिन्यात उभ्या-उभ्या उरकली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. विमा कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात मोठे साहेबसुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणाले. हळूहळू चेहऱ्यालाही तशी सवय लागली. समोरून कुणी काही विचारलं की यांची मान ताठ होते, घसा खाकरला जातो आणि "त्याचं असं आहे..." सुरू होतं. ते एकदा सुरू झालं की मग थांबवणं त्यांच्याही हातात राहत नाही.

आणि सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे. या माणसाला बायकोसमोर उभं राहून "चुकलं माझं" म्हणता येत नाही. मनात असतं हो! अगदी ओठांवर असतं. पण वहिनी समोर दिसल्या की आतला अध्यक्ष जागा होतो आणि माफीऐवजी निवेदन बाहेर पडतं. जुन्या घरात यावर दोघांनी मिळून एक तोडगा काढला होता. काढला होता म्हणजे काय, तो आपोआपच निघाला होता. भांडण झालं की वहिनी स्वयंपाकघरात जायच्या आणि दार लावून घ्यायच्या. अध्यक्ष थोडा वेळ पेपर उलटा-सुलटा करायचे, मग दाराशी जाऊन उभे राहायचे आणि त्या दाराला सांगायचे, "चुकलं." आतून भांड्यांचा आवाज आला तर अजून राग आहे, आणि दार उघडून कपभर चहा बाहेर आला तर मिटलं. लग्न झाल्यापासून संसार या दारावर चालला होता, आणि बरा चालला होता.

असा माणूस लॉफ्टमध्ये राहायला गेला.

आता आपल्याकडे लॉफ्ट म्हणजे न्हाणीघरावरचा माळा. तिथे ट्रंका, फाटक्या गाद्या आणि कुणी तरी भेट दिलेला, कुणालाच नको असलेला डिनर सेट असतो. "आम्ही लॉफ्टमध्ये राहायला चाललोय," असं अध्यक्षांनी फोन करून सांगितलं तेव्हा त्यांची मेहुणी, म्हणजे वहिनींची धाकटी बहीण, हळहळून म्हणाली, "अगबाई! एवढी वाईट वेळ आली? आमच्याकडे का नाही आलात?" तिला समजावता समजावता अध्यक्षांची पुरेवाट झाली. शहराच्या जुन्या भागात, दगडी फरसबंदीच्या गल्लीत, पूर्वीचा एक मोज्यांचा कारखाना होता. तो दुरुस्त करून, धुऊन-पुसून त्याचे आलिशान लॉफ्ट केले होते. सगळ्यात वरचा, सगळ्यात लहान आणि कबुतरांच्या बाजूचा लॉफ्ट अध्यक्षांना परवडला. लहान म्हणजे तरी केवढा! एकच एक दालन. मध्ये बिडाचे खांब, वर छत इतकं उंच की दिवा गेला तर अग्निशामक दल बोलवावं लागेल, आणि पूर्वेला भिंतभर खिडकी.

त्या खिडकीसाठीच घेतला खरं तर. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा वहिनी नुसत्या खिडकीपाशी गेल्या, ऊन हातावर घेतलं आणि म्हणाल्या, "मशीन इथे ठेवीन." वहिनींचं पायाने चालवायचं शिलाई मशीन होतं. त्या काळोख्या फ्लॅटमध्ये दिवसाढवळ्या बल्ब लावून त्यांनी त्यावर सगळ्या बिल्डिंगचे कपडे शिवले होते आणि डोळ्यांचा नंबर वाढवून घेतला होता. अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठरवलं, हेच घर घ्यायचं. माणूस वाईट नाही, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

सामान हलवायची वेळ आली तेव्हा वहिनींनी मशीन रजईत गुंडाळलं, दोरीने बांधलं आणि पहिल्याच टेम्पोतून पाठवून दिलं. नव्या घरात आधी त्याने जावं अशी त्यांची इच्छा. टेम्पोबरोबर अध्यक्ष गेले. तिथे डेकोरेटर उभा होता. हा तरुण माणूस काळे कपडे घालायचा, डोळे बारीक करून भिंतींकडे बघायचा आणि दर वाक्यात एकदा "सर" आणि एकदा "थीम" म्हणायचा. त्याने रजई उचलून पाहिली आणि दाढ दुखल्यासारखा चेहरा केला.

"सर, हे थीममध्ये बसत नाही."

"अहो, पण ते आमच्या..."

"सर, तुमची टेस्ट वेगळी आहे, म्हणून मी मोकळेपणाने बोलतोय. इतरांना नसतं बोललो."

टेस्ट वेगळी आहे! जन्मात पहिल्यांदा कुणी तरी अध्यक्षांना टेस्ट असल्याचं सांगत होतं. विमा कंपनीत कुणी त्यांचा टायसुद्धा धड पाहिला नव्हता. अध्यक्षांची मान ताठ झाली, घसा खाकरला गेला आणि तोंडातून शब्द गेले, "घेऊन जा. जुनंच झालंय ते." नवीन, विजेवर चालणारं, सुबक मशीन आणून वहिनींना चकित करायचं, असा त्यांचा बेत होता. पण तो बेत त्यांच्या मनात होता आणि मशीन डेकोरेटरच्या गाडीत.

चार दिवसांनी उरलेलं सामान घेऊन वहिनी आल्या तेव्हा घर सजून तयार होतं. खिडकीपाशी, ऐन उन्हात, एक लोखंडी खुर्ची होती. ती बसण्यासाठी नसून बघण्यासाठी आहे असं डेकोरेटरने बजावलं होतं. वहिनींनी खुर्चीकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं.

"मशीन कुठंय?"

"त्याचं असं आहे..." अध्यक्ष म्हणाले, आणि तिथेच घात झाला. मशीन किती जुनं झालं होतं, थीम म्हणजे काय, मोकळ्या जागेत वस्तू कमी असण्याचे फायदे काय, असं सगळं ते बोलत गेले. मनातून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवावासा वाटत होता, पण निवेदन चालूच.

वहिनी वळल्या आणि सवयीने दार शोधू लागल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. दार कुठलं असायला! लॉफ्टमध्ये भिंतीच नसतात. स्वयंपाकाचा ओटा दालनात, पलंग दालनात, जेवणाचं टेबलही दालनात. शेवटी बाथरूम दिसलं. त्यात शिरून त्यांनी दार लावलं. पण डेकोरेटरने बाथरूम काचेचं केलं होतं. सगळी भिंत काचेची आणि दारही काचेचं. आत वहिनी उभ्या, बाहेर अध्यक्ष उभे, आणि दोघं एकमेकांना अगदी स्वच्छ दिसतायत. अध्यक्षांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी हात हलवला. वहिनींनी पाठ फिरवली आणि खाली मान घालून बेसिनकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. बेसिन होतंही बघण्यासारखं. एका जुन्या लोखंडी स्टँडवर ते बसवलं होतं आणि डेकोरेटरच्या म्हणण्याप्रमाणे हा स्टँड त्याने जुन्या बाजारातून मोठ्या मुश्किलीने मिळवला होता. निदान बेसिन तरी आवडलेलं दिसतंय, असं अध्यक्षांना वाटलं.

त्या दिवसापासून अबोला. वहिनी बोलायच्या, पण कुंडीतल्या रोपाशी. "जेवण वाढलंय म्हणावं." रोप गप्प. अध्यक्ष जेवायला बसायचे. आणि त्या तोंडसुद्धा बाथरूममध्ये धुवेनात, ओट्याच्या नळावर धुवायच्या. संध्याकाळी बहिणीला फोन व्हायचा आणि दालनच ते, कुजबुजलं तरी सगळीकडे घुमायचं. बहीण तिची मागची खोली रंगवून घेत होती. कशासाठी, तर वहिनींसाठी.

"पहिला हात झाला का गं? बरं. दुसरा झाला की येते मी. नाही नाही, चार दिवस कसले, येते ते राहायलाच."

सोनं गेलं असतं तर त्यांनी पोलिसांत तक्रार दिली असती, पण बायको निघाली तर कुणाला सांगायचं? अध्यक्ष डेकोरेटरकडे धावले. "मशीन परत द्या." डेकोरेटर म्हणाला, "सर, त्याचा वरचा भाग माझ्या गोदामात असेल, बाकीचं वापरलं गेलं." कशात वापरलं, ते अध्यक्षांनी घाईत विचारलं नाही. वरचा भाग तेवढा काखेत मारून घरी आणला आणि पलंगाखाली लपवला, कारण तो द्यायचा तर आधी माफी मागावी लागणार, आणि माफी मागायची तर दार हवं.

तेव्हा अध्यक्षांनी ठरवलं, आणि फोनवरून गवंड्याला मोठ्याने सांगूनही टाकलं, घरात एक भिंत घालायची. फार नाही, एकच. एक भिंत आणि तिला एक दार.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त न्यायाधीश राहत. एकटे, सडसडीत, घरातही कोट घालून बसणारे. मधली जमीन जुन्या लाकडी फळ्यांची, त्यामुळे वरचं सगळं त्यांना ऐकू जायचं. लिफ्टमध्ये त्यांनी अध्यक्षांना गाठलं. "परवाचं तुमचं म्हणणं मी ऐकलं. बचाव फारच लंगडा होता."

"त्याचं असं आहे..."

"तेच. तिथेच तुम्ही केस घालवलीत. आणि भिंत घालायच्या आधी वारसा खात्याला विचारा. नाहीतर मीच तक्रार करीन."

वारसा खातं म्हणजे जुन्या इमारती सांभाळणारं सरकारी खातं. तिथल्या खिडकीमागच्या बाईंनी अध्यक्षांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंत जमिनीला टेकणार का?"

"भिंत आहे हो. टेकणारच."

"मग नाही चालणार. जमीन मूळची आहे."

"वरून टांगली तर?"

"छतही मूळचंच आहे."

"बाईसाहेब, मग भिंत राहील कशावर?"

"तो तुमचा प्रश्न," असं म्हणून त्यांनी खिडकी बंद केली. त्यांच्या खिडकीला सुद्धा दार आहे, हे अध्यक्षांनी मोठ्या मत्सराने पाहून घेतलं.

मग उपाय सुरू झाले. सल्ला द्यायला माणसं काय, पैशाला पासरी! समोरच्या लॉफ्टमधल्या दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडदा लावा. खिळा ठोकायची बंदी, म्हणून अध्यक्षांनी दोन खांबांना दोरी बांधून जाडजूड पडदा सोडला. पण ती भिंतभर खिडकी उघडली की काय वारा येतो! पडदा असा काही फुगला की टेबलावरची पाण्याची सुरई, चष्मा आणि खुद्द अध्यक्ष, तिघेही आडवे झाले. वहिनी रोपाला म्हणाल्या, "लागलं का विचार." एवढं बोलल्या तरी! अध्यक्षांना हुरूप आला.

ऑफिसातला एक जुना मित्र म्हणाला, कपाटं लावा ओळीने, झाली भिंत. सुताराकडून चाकांची दोन उंच कपाटं करून आणली. चाकं कशाला, तर जमिनीवर ओरखडे पडू नयेत म्हणून. पण कारखान्याची जमीन ती, यंत्रांच्या भाराने एका बाजूला उतरती झालेली. दुपारी अध्यक्षांचा डोळा लागला होता, तेवढ्यात कपाटं निघाली. गडगडाट करत आधी एक गेलं, मग त्याच्या मागे दुसरं, आणि दोन्ही जाऊन खिडकीपाशी त्या बघण्याच्या खुर्चीवर आदळली. खुर्चीचे तुकडे झाले. वहिनींच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यातलं पहिलं समाधान दिसलं. खालून न्यायाधीश काठीने छत ठोकत होते, म्हणजे यांची जमीन.

त्यांनी तक्रार केलीच. वारसा खात्याचे निरीक्षक आले. गृहस्थ जाडजूड, गळ्यात भिंग. त्यांनी खांब तपासले, फळ्या तपासल्या, पडद्याची दोरी सोडायला लावली आणि कपाटांना तंबी दिली. मग काचेच्या बाथरूममध्ये शिरले आणि एकदम गुडघ्यावर बसले. "वा! वा! या कारखान्यातलं मूळ यंत्र! पायाने दाबायचा हा पायटा बघा, चाक बघा. याला धक्का लावायचा नाही, सांगून ठेवतो." अध्यक्षांची छाती फुगली. "आमच्या डेकोरेटरने शोधून काढलं," ते म्हणाले. वहिनींनी रोपाला इतक्या जोरात पाणी घातलं की कुंडीतली माती उडाली.

त्या संध्याकाळी फोन झाला. "दुसरा हात झाला? वाळला की कळव." बॅग पलंगाखालून बाहेर आली. नशीब, मशीनचा वरचा भाग दुसऱ्या बाजूला होता.

अध्यक्ष घराबाहेर पडले ते वाट फुटेल तिकडे चालत सुटले, आणि पाय जुन्या बिल्डिंगपाशी येऊन थांबले. त्यांच्या फ्लॅटमध्ये आता एक नवीन जोडपं राहायला आलं होतं आणि आतून तोडफोडीचा आवाज येत होता. "काका, आम्ही सगळं ओपन करतोय," नवरा उत्साहाने म्हणाला. "मधल्या भिंती काढून टाकल्या." अध्यक्षांना त्याची फार कीव आली. आणि मग जिन्यात भिंतीला टेकवून ठेवलेलं त्यांना दिसलं. स्वयंपाकघराचं दार. हिरवा रंग, खालच्या बाजूला पाय लागून उडालेला पोपडा, कडीपाशी तेलकट डाग. नातेवाईक भेटल्यासारखा अध्यक्षांनी त्या दारावर हात ठेवला.

"हे टाकणार आहात?"

"भंगारात जाणार आहे, काका. हवंय का?"

हातगाडीवर दार घालून अध्यक्ष गावातून निघाले. लोक वळून बघत होते. लिफ्टमध्ये ते मावेना, म्हणून जिन्याने चढवावं लागलं, आणि शेवटच्या वळणावर न्यायाधीश आपल्या दारात उभे.

"हे काय?"

अध्यक्ष घामाघूम होते. मान ताठ करायलाही अंगात त्राण नव्हतं. म्हणून प्रथमच त्यांच्या तोंडून सरळ उत्तर गेलं. "दार आहे. बायकोची माफी मागायची आहे, ती मला दाराशिवाय मागता येत नाही. आणि तुमचं ते वारसा खातं भिंत घालू देत नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "भिंतीला लावू नका. जमिनीत खिळा मारू नका. नुसतं उभं करा. मग कायद्याने ते दार नव्हेच, फर्निचर आहे." आणि कोटाच्या बाह्या सावरून त्यांनी दाराचं खालचं टोक उचललं.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारात गेल्या तेवढ्यात सुतार आला. "साहेब, दार उभं करतो, पण भिंत कुठंय?" "भिंत नाही." "मग दार कशाला?" "तुझं लग्न झालंय का?" सुताराने करवत उचलली. जाड चौकट केली, खाली रुंद, जड पाट दिला आणि दालनाच्या मधोमध दार उभं राहिलं. अलीकडे दालन, पलीकडेही तेच दालन. दोन्ही बाजूंनी गाडी जाईल एवढी मोकळी जागा. डॉक्टरीणबाई डोकावून गेल्या आणि घरी जाऊन पोट धरून हसल्या. ते सगळ्या मजल्याला ऐकू आलं.

वहिनी आल्या. हातात पिशवी तशीच. दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मग जवळ जाऊन त्यांनी उडालेल्या पोपड्यावरून बोट फिरवलं. अध्यक्ष खांबाआड उभे. तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी तो उचलला. "वाळला रंग? बरं. थांब जरा." आणि दार उघडून त्या पलीकडे गेल्या व ते लावून घेतलं. करकरलं तेसुद्धा जुन्यासारखंच.

अध्यक्ष येऊन दाराशी उभे राहिले. वहिनींच्या साडीचा काठ चौकटीबाहेर दिसत होता. दोन पावलं बाजूला सरकले असते तर त्या समोर होत्या. पण ते सरकले नाहीत. घसा खाकरला, आणि "त्याचं असं..." ओठांवर आलं, ते गिळून टाकलं.

"चुकलं माझं," ते दाराला म्हणाले. "मशीन तुझं होतं. मला विचारायला हवं होतं. तो मला टेस्ट आहे म्हणाला, आणि मी भुललो."

पलीकडून आवाज आला, रोपाला नाही, त्यांना उद्देशून. "मान वळवा. बाथरूममध्ये बघा. बेसिन कशावर आहे?"

अध्यक्षांनी काचेतून पाहिलं. लोखंडी स्टँड, चाक, पायटा. पायट्याच्या दांडीला गुंडाळलेली लाल चिंधी. दांडी खडखडते म्हणून वहिनींनी ती कधीकाळी बांधली होती. रोज सकाळी त्यावर वाकून त्यांनी दाढी केली होती. आल्या-गेल्याला दाखवलं होतं. अध्यक्षांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मशीन दिलंत त्याचा राग नाही आला एवढा," वहिनी म्हणाल्या. "जन्मभर समोर होतं आणि तुम्हाला ओळखूसुद्धा आलं नाही."

अध्यक्षांनी दारावर कपाळ टेकवलं. "चुकलं गं. फार चुकलं. वरचा भाग आणलाय मी. पलंगाखाली आहे. ते बेसिन मी आजच काढतो, तो निरीक्षक काय करायचं ते करू दे. जाऊ नको."

"ऐकू नाही आलं."

"जाऊ नको म्हटलं!"

"आम्हाला आलं, वहिनी!" जमिनीखालून न्यायाधीशांचा खणखणीत आवाज आला. "कबुली पूर्ण आहे!"

पलीकडे कुणी तरी फसकन हसलं. मग फोनवर बोलणं ऐकू आलं, "अगं, छान रंगलीय ना खोली? मग आता तूच वापर." अध्यक्षांनी डोळे पुसले आणि सवयीप्रमाणे वाट बघत उभे राहिले, दार उघडून चहा कधी येतो याची. बराच वेळ गेला.

"अहो, किती वेळ उभे राहणार?" वहिनी आतून म्हणाल्या. "या दाराला कडी लागतच नाही. कधीच लागत नव्हती. तिकडेसुद्धा मी नुसतं लोटूनच बसायची."

अध्यक्षांनी दार ढकललं. ते उघडलं. आणि दोन्ही बाजूंनी एवढी मोकळी जागा असताना ते अगदी नीट, चौकटीतून वाकून, आत गेले.